मागणी घालायला कुवेतला

विमान खाली यायला लागलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते. नाशिकच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवताना आखाताच्या वरच्या कोपऱ्यात छडी टेकवून ‘हे कुवेत’ असं मी वर्षानुवर्षं सांगत आले, पण ते वरून इतकं मातकट दिसत असेल असं वाटलं नव्हतं. जमीन आणि आकाश एकाच रंगात बुडवून काढलेलं, आणि मधूनच पट्टीने आखल्यासारखे सरळ रस्ते. मग एकदम समुद्र दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला. समुद्र असला की गावाला काहीतरी इतिहास असतोच, आणि इतिहास असला की मला करमतं.

विमानतळावर माझा मुलगा केदार एकटाच आला होता.

“ती कुठे आहे?” मी विचारलं.

“आई, अजून तुझी बॅगसुद्धा आली नाही. जरा दम घे.”

ती म्हणजे मारिसेल. फिलिपिन्सची, इथल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचं काम करते. केदार तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यात इंजिनिअर, आणि त्याला तिच्याशी लग्न करायचं होतं. मी त्यासाठीच आले होते. खरं सांगायचं तर मी राजी नव्हते, पण नाराज आहे असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण नाशिकमधली माझ्या ओळखीची सगळी स्थळं या पठ्ठ्याने नाकारून झाली होती. शिवाय त्याच्या हो म्हणण्याने काही व्हायचं नव्हतं. मारिसेलला वडील नाहीत. आई तिकडे दक्षिणेकडच्या झाम्बोआंगा शहरात असते. तिला कुवेतला आणलं, पायावर उभं केलं ते तिच्या मावशीने, आणि मावशीने होकार दिल्याशिवाय आपण लग्न करणार नाही असं मारिसेलने केदारला स्पष्ट सांगितलं होतं. या मावशीला भेटायचं आणि बोलणी पक्की करायची, एवढं काम घेऊन मी आले होते. बोलणी करण्यात मी कुणाला हार जात नाही, असा माझा समज होता.

केदार मंगफला राहतो. या बाजूच्या इमारतींत इंजिनिअर लोकांची बिऱ्हाडं. संध्याकाळी लिफ्टचं दार उघडलं की प्रत्येक मजल्यावर वेगळी फोडणी, तिसऱ्यावर कढीपत्ता, पाचव्यावर लसूण. बायका ‘अहो नाशिकच्या का? आम्ही सिडकोतले’ म्हणत दारात उभ्या राहतात आणि त्यांची मुलं आतून ‘मम्मा, हू इज इट?’ विचारतात. जानेवारीचा महिना होता. वाळवंटात स्वेटर घालावा लागतो यावर आमच्या शेजाऱ्यांचा अजूनही विश्वास बसलेला नाही.

इमारतीच्या खालीच हमीदभाईंचा बकाला (किराणा दुकान) होता. हमीदभाई मूळचे म्हसळ्याकडचे. मी मराठीत गूळ मागितला तेव्हा त्यांनी काउंटरवरून वाकून पाहिलं.

“कवा आयलाव, बाई? केदारच्या आई काय? बसा, बसा.” मग चहा आला, गूळ आला, आणि मी शुक्रवारी मुलगी बघायला जाणार हेही त्यांना आधीपासून ठाऊक होतं. “बाई, येक सांगतंय. ह्या लोकांकडं रिकाम्या हातानं जायचां नाय हां.”

“रिकाम्या हाताने कशाला? पेढे आणलेत मी. नारळ आहे, खण आहे.”

हमीदभाईंनी नुसती मान हलवली. मी गूळ घेऊन वर आले.

शुक्रवारी आम्ही मावशीकडे, साल्मियाला निघालो. डावीकडे पाणी, उजवीकडे इमारती, आणि फुटपाथवर सुट्टीचा दिवस अंगावर घेऊन बसलेली माणसं. मी इरकल नेसले होते. सकाळपासून फारसं काही खाल्लं नव्हतं, कारण मुलगी बघायला जायचं म्हणजे तिकडे खाणं होणारच. केदार दोनदा म्हणाला, “आई, तिकडे जरा कमी बोल.” मी म्हटलं, “मी कशाला बोलू? मुलाकडचे आधी बोलतच नाहीत.” तो गप्प झाला. मला वाटलं त्याला पटलं.

तिया लुर्देसचं घर चौथ्या मजल्यावर. तिया म्हणजे मावशी. सगळेच तिला तसं म्हणत होते म्हणून मीही म्हणू लागले. माझ्याच वयाची, ताठ कण्याची, एका दवाखान्याची मुख्य परिचारिका. नजर अशी, की दवाखान्यात सगळे वेळेवर येत असणार. कोपऱ्यात देव्हाऱ्यासारख्या फळीवर खांबावर उभी असलेली मेरीमाता, पुढे ताजी फुलं. शेजारच्या दोन वयस्क बायका साक्षीला बोलावल्यासारख्या बसल्या होत्या. मारिसेल उभी होती. फोटोपेक्षा सावळी, आणि फोटोपेक्षा गोड. मनात मी लगेच गुण दिले आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

जेवणाचं टेबल मांडलेलं होतं. पांढरा टेबलक्लॉथ, काचेची ताटं, चमचे, पेले. ताटं मात्र रिकामी.

मी सोफ्यावरच्या चांगल्या जागेवर बसले आणि वाट पाहू लागले. आतून काही येईना. वासही येईना. तिया लुर्देस माझ्याकडे पाहून हसली, मी तिच्याकडे पाहून हसले. ती थांबली होती, मी थांबले होते. शेजारच्या बायका टेबलाकडे पाहत होत्या आणि मग दाराकडे, जणू माझ्या मागून अजून कोणी येणार होतं. पाणी आलं ते प्यायले. भुकेने माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले होते.

शेवटी मीच मोठेपणा घेतला. आपल्याकडे मुलाच्या आईने म्हणावं आणि मुलीच्या आईच्या डोळ्यांत पाणी यावं, असं जे वाक्य आहे ते मी मनात घोळवतच आले होते. इंग्रजी मला येतं, पण अशी वाक्यं आपल्या भाषेतच शोभतात, म्हणून केदारला म्हटलं, “सांग त्यांना. आमची काही अपेक्षा नाही. आम्हाला मुलगी आणि नारळ, एवढं पुरे.”

केदारने माझ्याकडे असं पाहिलं की जमीन दुभंगली तर बरं. मग त्याने सांगितलं.

तिया लुर्देसचा चेहरा बदलला नाही. “अपेक्षा?” ती इंग्रजीत म्हणाली. “तुम्हाला कसली अपेक्षा असणार? मागायला तुम्ही आलात ना?”

मी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. तिने तो घेतला आणि प्रत्येक मोठ्या ताटात मधोमध एकेक पेढा ठेवला. टेबलावरचा तो एकेक पेढा मी अजून विसरले नाही. कोणी खुर्चीवर बसलं नाही. मग ती उठली आणि ताटं एकावर एक रचून कपाटात ठेवू लागली. माझ्या ओटीच्या खणाचं काय करायचं हे विचारायचीही माझी छाती झाली नाही.

“भेटून आनंद झाला,” ती दारात म्हणाली. “ज्या दिवशी मागायला याल त्या दिवशी घर उघडं आहे.”

मारिसेल आमच्यासोबत लिफ्टपर्यंतही आली नाही.

दुसऱ्या दिवशी केदारची गाडी बंद पडली. आदल्या दिवशीचा राग त्याने गिअरवर काढला असणार. गाडी राईला न्यावी लागली. राई म्हणजे नुसती गॅरेजं, गोदामं आणि काचेमागे सोफे मांडलेली दुकानं. आम्ही टायरांच्या ढिगाशेजारी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. चहा कडक होता, बोलणं त्याहून.

“म्हणजे त्या ताटांतलं जेवण आपण न्यायचं होतं. हे तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“मारिसेलने सांगितलं होतं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? ‘आपण मुलाकडचे.’ सगळं जेवण घेऊन मुलीच्या दारात गेली असतीस?”

गेले नसते. हे खरंच होतं. तो टायरांकडे पाहत म्हणाला, “आई, मला दुसरी कोणी नकोय. आणि मावशीने नाही म्हटलं तर ती लग्न करणार नाही, हे नक्की.” एवढा बाप्या माणूस, पण आवाज लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा आला.

मला माझी अश्विनी आठवली. केदारची मोठी बहीण. तिच्या वेळी आमच्या घरी किती जण येऊन कांदेपोहे खाऊन गेले. हे शेजाऱ्यांकडून खुर्च्या आणायचे, ज्यांनी नोकरीत कुणासमोर मान झुकवली नाही ते हे मुलाच्या काकाच्या बुटांशेजारी वाकून पंखा लावायचे. जाताना पाहुणे दारात म्हणायचे, “कळवतो.” मग फोन वाजला की मी पळायचे. अश्विनीचं लग्न झालं, चांगलं झालं, पण तो ‘कळवतो’ माझ्या अंगात मुरला होता. आता माझा मुलगा होता, म्हणून सोफ्यावर बसायची पाळी माझी, असं मी धरून चालले होते. हे गॅरेजात बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, आणि चहा तसाच गार झाला.

मी स्वतःच मारिसेलला फोन केला. म्हटलं, मला तुझ्याशी बोलायचंय, मावशीला न सांगता. ती म्हणाली, मावशीला सांगून बोलेन. सुट्टीच्या दिवशी ती आली आणि आम्हाला वफ्राला घेऊन गेली. वफ्रा दक्षिणेला, जवळजवळ सरहद्दीवर. वाळूतून बराच वेळ गेलं की एकदम प्लास्टिकच्या कापडाचे लांबलचक मांडव दिसायला लागतात, त्यात टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची. खजुरांच्या रांगा. बांगलादेशचे आणि आंध्रचे मजूर पेट्या भरत होते. रस्त्याकडेला ताजी भाजी विकायला होती आणि ती पाहून माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

“हे सगळं कुठलं ठाऊक आहे का?” मी मारिसेलला म्हटलं. “टोमॅटो, मिरची, बटाटा, मका, पेरू. सगळं अमेरिकेतलं. पलीकडच्या किनाऱ्यावरून स्पॅनिश लोकांची जहाजं चांदी घेऊन तुमच्या मनिलाला यायची, त्यातून हे आलं. आमचं एकादशीचं ताट बघशील तर शेंगदाणा, बटाटा, रताळं, सगळे परदेशी पाहुणे. आमचा चिकूसुद्धा!”

“चिको,” ती म्हणाली. “आमच्याकडे पण चिकोच म्हणतात.”

मी खूश झाले. ती हसली, आणि पेटीतला एक टोमॅटो हातात घेऊन म्हणाली, “मॅम, जहाजात भाजी होती. सैनिक पण होते.”

मग ती सांगत गेली आणि मी, जिला कुणी मध्येच बोललेलं खपत नाही, ती गुपचूप ऐकत गेले. आमच्या पाठ्यपुस्तकात पृथ्वीप्रदक्षिणेच्या धड्यात फिलिपिन्स एका वाक्यात उरकलं होतं, जहाज तिथे पोचलं आणि पुढे गेलं. खरं म्हणजे स्पॅनिश लोक पुढे आले ते शतकानुशतकं राहिले. तिच्या गावात समुद्राकाठी त्यांचा दगडी किल्ला आहे. तो बांधायला त्यांनी वेगवेगळ्या बेटांवरून माणसं आणली. त्यांना एकमेकांची बोली येत नव्हती, म्हणून मुकादमाची मोडकीतोडकी स्पॅनिश हीच त्यांची भाषा झाली. आज तिच्या घरात तीच बोलतात. किल्ल्याच्या भिंतीवर मेरीमाता आहे, तिच्यापुढे गाव मेणबत्त्या लावतं.

“किल्ला कुणाच्या विरुद्ध होता?”

“दक्षिणेच्या सुलतानांच्या. म्हणजे आमच्याच शेजाऱ्यांच्या. अजून बाजारात आम्ही त्यांच्याकडून मासे घेतो, आणि अजून घरी त्यांच्याबद्दल हळू आवाजात बोलतो.”

मला आपला कोर्लई आठवला. अलिबागच्या पुढे पोर्तुगीजांचा किल्ला, आणि त्याच्या पायथ्याच्या गावात अजून पोर्तुगीजमिश्रित बोली बोलणारी माणसं. तिथे मी सहली नेल्या होत्या. मुलांना किल्ल्याचे बुरूज मोजायला लावले, पण खाली गावात जाऊन त्यांचं बोलणं ऐकायला मात्र कधी नेलं नाही.

“मावशी रागावल्या का?” मी विचारलं.

“रागावली नाही. तिला वाईट वाटलं. आमच्याकडे याला पामानहिकान म्हणतात (मुलीच्या घरचा जिना चढून जाणं). मुलाच्या घरचे जेवण घेऊन वर चढतात आणि मुलगी मागतात. स्पॅनिश यायच्या आधीपासूनचं आहे. मागणं हेच त्यात मुख्य.” ती थांबली. “मावशीच्या मनात त्याबद्दल आणखी काही आहे. ते तिला सांगायचं असेल तर ती सांगेल.”

मी म्हटलं, “आमच्याकडेही मुलीला मागणी घालतात.” आणि म्हणताना माझी मलाच गंमत वाटली. शब्द आहे आपल्याकडे, व्यवस्थित आहे. मागणी मात्र हल्ली आम्ही सोफ्यावर बसून घालतो.

पुढच्या शुक्रवारची तयारी मी मोहिमेसारखी केली. मसालेभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पुरणपोळ्या. पण झाम्बोआंगाची माणसं समुद्राकाठची. आमच्या घरात मासळी शिजत नाही, आणि मासळीशिवाय त्यांचं जेवण होत नाही. मी खाली हमीदभाईंकडे गेले.

“झुबैदी घ्या,” ते म्हणाले. झुबैदी म्हणजे इथलं पापलेट. “माजी बायकू तळून देल. कोकम लावून. तुमी हात बी लावू नका.”

“लावते हात. डबा मीच उचलणार आहे.”

साल्मियाच्या इमारतीत लिफ्ट चालू होती. तरी मी जिन्याने गेले. केदार मागून डब्यांच्या पिशव्या घेऊन येत होता आणि म्हणत होता, “आई, एवढं लिटरली नसतं गं ते.” माझ्या गुडघ्यांचंही तेच मत होतं. पण मासळीचा डबा मी चौथ्या मजल्यापर्यंत कुणाला दिला नाही.

टेबल तसंच मांडलेलं होतं. आम्ही डबे उघडले, ताटं भरली, आणि सगळे बसायच्या आत मी उभी राहिले. हात जोडले. पाठ केलेलं इंग्रजी वाक्य ऐन वेळी दगा देऊन गेलं. मग मी मराठीतच बोलले, आणि केदारला एकेक शब्द सांगायला लावला. “लुर्देसताई, मी या मुलाची आई. याचे वडील असते तर ते माझ्यापेक्षा चांगलं बोलले असते. तुमची मारिसेल मी माझ्या घरासाठी मागायला आले आहे. द्यावी अशी विनंती आहे.” कुणाकडे पोरगी मागताना माणूस किती लहान होतो, आणि त्यात काही वाईट नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

“बसा,” तिया लुर्देस म्हणाली. “आधी जेवू.”

तिने झुबैदी दोनदा घेतली, पुरणपोळीवर तूप कसं घालायचं ते विचारून घेतलं. जेवण संपत आलं तेव्हा तिने काटा खाली ठेवला.

“माझे वडील झाम्बोआंगाचे नव्हते,” ती म्हणाली. “उत्तरेकडच्या बेटावरचे. तिथे स्पॅनिश काळापासून उसाची सगळी जमीन मूठभर घराण्यांकडे. वडील दुसऱ्याच्या उसात राबायचे. मग स्पॅनिश गेले, पुढे सरकार म्हणालं, दक्षिणेला जा, तिकडे रान मोकळं आहे, कसेल त्याची जमीन. वडील गेले. उपाशी माणूस दुसरं काय करेल? पण रान मोकळं नव्हतं. डोंगरातली माणसं तिथे आधीपासून होती. आमच्या कुंपणाच्या आत एक फणसाचं झाड होतं. एक म्हातारा टोपलं घेऊन आला. झाड त्याच्या बापाने लावलेलं. तो भांडला नाही. पायरीखाली उभा राहून त्याने फणस न्यायची परवानगी मागितली. स्वतःच्या झाडाचे फणस! वडील नाही म्हणाले. माणूस चांगला होता माझा बाप, पण नाही म्हणाला. म्हातारा टोपलं तिथेच टाकून गेला. मी दारात उभी होते.”

केदारने हातातला घास ताटात ठेवला.

“आमच्याकडे आलेल्यांपैकी कुणीच मागितलं नाही,” ती म्हणाली. “ना किल्लेवाल्यांनी, ना आम्ही. ज्याने मागितलं त्याला आम्ही दिलं नाही. म्हणून मी बघते, माणूस मागतो की नाही.”

वर्गात मी राजवटी शिकवल्या, सनावळ्या पाठ करून घेतल्या. एका राजवटीने मोजक्यांना दिलेली जमीन पुढे दुसऱ्याच बेटावरच्या म्हाताऱ्याचं झाड कशी नेते, हे मात्र मला कुणी असं एका दमात सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरला. तिने धरू दिला.

मग ती उठली आणि म्हणाली, “तुम्ही मागितलंत, छान मागितलंत. मी माझ्या बहिणीशी बोलेन. आम्ही कळवू.”

कळवू! गाडीत बसल्यावर मला हसू फुटलं आणि लगेच रडूही. केदार घाबरला. त्याला वाटलं आईचं डोकं फिरलं.

परतीचं विमान जवळ आलं होतं. मंगफच्या समुद्रकिनाऱ्यावर मी सकाळ-संध्याकाळ फेऱ्या मारायचे, दूर तेलाची जहाजं नांगर टाकून उभी असायची, आणि माझं लक्ष सगळं हातातल्या फोनकडे. केदार कामावरून आला की दोघंही एकमेकांना विचारायचो नाही. हमीदभाई मात्र रोज विचारायचे, “काय बाई, आयला काय निरोप?” मी मान हलवायचे. नकार आला तर काय, हा विचार मी पहिल्यांदाच नीट केला. आला तर तो ऐकायचा, मुकाट्याने, आणि पोराला सांभाळायचं, असं मी ठरवलं. ठरवल्यावर कुठे घास घशाखाली उतरला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दार वाजलं. तिया लुर्देस, मागे मारिसेल. तिया धापा टाकत होती. तीही जिन्याने चढून आली होती. हातात माझेच डबे होते, धुतलेले, आणि भरलेले. “शेवया आहेत,” ती म्हणाली. “मांस घातलेलं नाही, मासेही नाहीत. भाजीच्या आहेत.”

मी खुर्ची दिली. ती बसली नाही. “माझ्या बहिणीची ना नाही. मारिसेलचं तर तुम्हाला दिसतंच आहे. तुमच्या अग्नीपुढे लग्न होऊ दे, आमच्या मेरीपुढेही होऊ दे. आता मी तुमच्याकडे एक मागायला आले आहे.”

“मागा ना.”

“दवाखान्यात माझ्याबरोबर तुमच्याकडच्या मुली आहेत. त्या सांगतात, लग्नात तांदळात मुलीचं नवीन नाव लिहितात. खरं आहे का?”

“पुष्कळ घरांत,” मी म्हटलं.

“आमच्या माणसांना स्पॅनिश गव्हर्नरने आडनावं वाटली. पुस्तकातून. या गावाला हे अक्षर, त्या गावाला ते. माझ्या वडिलांच्या गावात बहुतेकांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. आमची खरी काय होती, कुणाला ठाऊक नाही. आम्ही ती आता प्रेमाने लावतो, माझंच आहे म्हणतो. पण एकदा झालं ते पुरे.” तिने मारिसेलच्या पाठीवर हात ठेवला. “हिचं नाव राहू द्या.”

नवीन नाव मी मनात ठरवून ठेवलं होतं हे तिला कसं कळलं, असं वाटलं. पण तिला ते कळलं नव्हतं. ती फक्त मागत होती.

“तुमचं काय नाव होतं?” तिने विचारलं. “आधीचं?”

“शकुंतला,” मी म्हटलं. “घरी शकू.” लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘वसुधा’ लिहिलं, सगळ्यांना आवडलं, मलाही आवडलं. शकू म्हणणारी माणसं एकेक करून गेली, आता कुणी नाही.

“शाकुन्ताला,” तिया लुर्देस म्हणाली. दोनदा म्हणाली, नीट जमेपर्यंत.

मला रडू आवरेना. मारिसेलने पाणी आणलं. मी म्हटलं, “राहील तिचं नाव. माझा शब्द.” मग केदार आला, आणि त्या शेवया आम्ही चौघांनी डब्यातूनच खाल्ल्या, कारण ताटं काढायचं कुणाला सुचलंच नाही.

नाशिकला परतले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, कुवेत कसं आहे. मी सांगते, बघण्यासारखं आहे. जगातल्या अर्ध्या देशांचा इतिहास तिथे एकेका फ्लॅटमध्ये राहतो, आणि आपण दार वाजवलं तर तो चहा देतो. पाठ्यपुस्तकात मी जो धडा एका वाक्यात उरकला, तो मला चार जिने चढून शिकावा लागला. गुडघे दुखतात, पण शिकले.

परवा जाऊबाई आल्या. फोटो पाहिले, मुलगी गोड आहे म्हणाल्या, मासळी खातात का वगैरे चौकशी झाली. मग जरा सरसावून बसल्या.

“वसुधा, नाव काय ठेवणार?”

“मारिसेल.”

“अगं, ते तिचं माहेरचं झालं. आपलं काय?”

“आपलंही तेच,” मी म्हटलं.